मडमेचा आळू

शहापुरात सून म्हणून आले तेव्हा पहिली गोष्ट शिकले ती ही, की माग चालू असेल तोवर बोलावं आणि माग थांबला की गप्प व्हावं. आमच्या बोळात घराघरातून हातमाग होते. इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याच्या खडखडाटात भिंतीपलीकडचं काही ऐकू येत नसे. पण मध्येच शेजारचा माग थांबला की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओठावर बोट ठेवून भिंतीकडे बघायच्या.

"सूत तुटलं असंल," मी नवी असताना एकदा म्हटलं.

"सूत जोडायला इतका वेळ लागतोय व्हय? कान लावून बसलीया ती."

माझं माहेर निपाणीजवळ कोगनोळीचं. जात विणकराचीच, पण वडिलांनी आजोबांचा माग मोडून तंबाखूची शेती धरली होती. उघड्या माळावर वाढलेली मी. तिथं माणूस येताना लांबून दिसायचा. इथं बोळ असा अरुंद की समोरच्या घरात कढीला फोडणी पडली की आमच्या डोळ्यांत पाणी. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि पलीकडचं बेळगाव इंग्रजांचं, त्यामुळे कोण कुठून आलं, कुठं गेलं, कुणाकडं उतरलं याची चौकशी लोकांच्या अंगातच मुरलेली होती. नव्या सुनेची तर जास्तच. "निपाणीकडची माणसं बोलघेवडी," असं आत्याबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझ्यादेखत शेजारणीला सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी घरात मोजकं बोलू लागले. मग त्या म्हणू लागल्या, "लई आतल्या गाठीची हाय."

घरात माणसं थोडी. मामंजींचे दोन माग होते. एकावर ते स्वतः बसत, दुसऱ्यावर जवळच्या खासबागचा एक तरुण विणकर कामाला येई. माझे यजमान बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे गोऱ्यांच्या छावणीत, एका शिंप्याच्या दुकानात मडमांचे झगे आणि पडदे शिवत. आणि माझी एक नणंद होती. तिला मी वन्सं म्हणायची, पण ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहानच होती. दिवसभर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची, आणि जिभेला धार अशी की मामंजी म्हणत, "हिच्या तोंडानं सूत कापलं तरी चालंल."

जर्मनीशी लढाई सुरू झाल्यावर कॅम्पातले साहेब भराभर बदलून जाऊ लागले. यजमान ज्या बंगल्याचं शिवणकाम करत तिथली मडमही निघाली. जाताना तिनं नोकरचाकरांना सामान वाटलं. कुणाला खुर्ची, कुणाला कपबशा. हे गेले तेव्हा व्हरांड्यात एक कुंडी तेवढी उरली होती. ती सायकलच्या मागं बांधून घरी घेऊन आले.

आम्ही सगळे भोवती जमलो. पान आळवासारखं रुंद, पण आळू नव्हे. शिरा खोल, देठाकडून टोकाकडं निघालेल्या, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या. मधला भाग गर्द हिरवा, आणि सगळ्या पानाला काठाकाठानं पांढरी किनार, कुठं रुंद, कुठं सुतासारखी.

मामंजींनी पान बोटात धरून पाहिलं. "किनार सरळ न्हाय," ते म्हणाले. "आम्ही असं विणलं तर व्यापारी लुगडं तोंडावर टाकंल."

आत्याबाई लांबूनच बघत होत्या. "झाड धड असतं तर मडमेनं दिलं असतं व्हय? पांढरं पडलंय. रोगट हाय."

"रोग न्हाय आई, जातच तशी हाय त्याची," हे म्हणाले. मडमेनं सांगितलेलं नावही त्यांनी घेऊन बघितलं, पण ते तोंडात नीट बसेना. खूप वर्षांनी मला कळलं की त्याला होस्टा म्हणतात. आमच्या घरात मात्र त्याचं नाव पडलं मडमेचा आळू.

आत्याबाईंना ते दारात नको होतं, म्हणून मी ते परड्यात नेलं. आमचं परडं म्हणजे एक फणस आणि त्याच्याखालची काळोखी. तीन बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती. तुळस तिथं वाळायची, झेंडू उंच उंच होऊन फुलाविना आडवा पडायचा. मडमेनं यजमानांना बजावलं होतं की याला ऊन दाखवू नका, मुळाशी ओल असू द्या, पाणी पानावर न घालता बुडाशी घाला. मला ऐकून हसू आलं. आमच्या परड्याचे सगळे दोष या झाडाला गुण म्हणून हवे होते. फणसाचा कुजलेला पाला मातीत मिसळला, कुंडी फोडली आणि भिंतीच्या कडेला ते लावून टाकलं. सकाळी थोडा वेळ फणसाच्या फांद्यांतून ऊन ठिबकायचं, तेवढंच. महिन्याभरात त्यानं नवी पानं काढली. त्या घरात मी लावलेली आणि जगलेली ती पहिली गोष्ट.

मग थंडी पडली आणि झाड नाहीसं झालं.

आधी पानं पिवळी पडली, मग लोळली, आणि एक दिवस बघते तर जागेवर नुसती माती. मला खात्री वाटली की आत्याबाईंनी उपटलं. त्या मुद्दाम परड्याकडं बघत नाहीत असं मला दिसू लागलं. त्या नेहमीसारख्या धुणं वाळत घालत असणार, पण मला त्यांची पाठ खोटी वाटायची. मी विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही, आणि ते न काढणंच मला पुरावा वाटलं. फाल्गुनात भिंतीकडेनं करड्याच्या शिंगांसारखे कोंब जमिनीतून वर आले. आठ-पंधरा दिवसांत उलगडले, तीच हिरवी पानं, तीच पांढरी किनार. झाड झोपलं होतं, आणि मी सबंध थंडी सासूवर डोळा ठेवून काढली होती.

पावसाळ्यात पानांना भोकं पडू लागली. रोज सकाळी नवं भोक. आता माझा संशय शेजारच्या आक्कावर गेला. तिच्या न्हाणीची खिडकी आमच्या परड्यात उघडायची. काठी घालून कुणी टोचतंय असं मला वाटे. एका सकाळी सगळे उठायच्या आधी मी फणसाआड उभी राहिले. खिडकी काही उघडली नाही. मागून वन्संचा आवाज आला, "वहिनी, कुणाची वाट बघायलीस?" मी सांगितलं. तिनं पुढं होऊन एक पान उलटं केलं. खाली गोगलगाय चिकटली होती, पोटभर जेवून सुस्त झालेली.

"चोर सापडला," वन्सं म्हणाली. "पोलिसात देऊ या?"

त्या दिवसापासून आम्ही दोघी मिळून ते झाड बघू लागलो. चुलीतली राख आणून बुडाभोवती कडं घालायचो. ती सूत गुंडाळायचा राट घेऊन तिथंच कांड्या भरत बसायची. मला त्या घरात मोकळं बोलता येईल अशी ती एकच जागा होती आणि ते एकच माणूस.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा ती राखेची टोपली रिकामी करत होती. बांगड्या कोपराकडं सरकल्या होत्या. तिच्या मनगटाच्या आतल्या अंगाला मला एक डाग दिसला. सुपारीएवढा, दुधासारखा. राख लागली असेल म्हणून मी बोटानं पुसायला गेले. तिनं हात मागं घेतला.

"पुसून जात न्हाय," ती म्हणाली. "बघितलंस तर बघितलंस. गप ऱ्हा."

मी गप्प राहिले. पण एका घरात मनगट किती दिवस लपणार? महिन्याभरात आत्याबाईंनी ते पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. चुलीपुढं बसून राहिल्या, भाकरी तव्यावर जळाली तरी उलथली नाही. आमच्यात कोड म्हणजे काय होतं हे आता कुणाला सांगून कळायचं नाही. ज्या घरात कोड निघालं त्या घरची मुलगी कुणी करत नसे, आणि त्या घरात मुलगी कुणी देत नसे. आधी लोकांना कळायचं, मग घराला कळायचं की लोकांना कळलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मामंजी आणि विणकर बाहेरच्या खोलीत मागावर असताना, आत्याबाई मला न्हाणीत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "चोळी काढ."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी माझी पाठ बघितली, काखा बघितल्या, गुडघ्याच्या मागं बघितलं, पायाची बोटं एकेक करून सोडवून बघितली. हात थंडगार होते त्यांचे. मी भिंतीकडं तोंड करून उभी होते. काही सापडलं नाही.

"मग कुठनं आलं?" त्या मला विचारत नव्हत्या, भिंतीला विचारत होत्या. मग एकदम त्यांना उत्तर सुचलं. "त्या झाडानं. पांढऱ्या पानात रोज हात घालतीया पोरगी. उपटून टाक ते. आत्ता."

मी खुरपं घेतलं. तेवढ्यात वन्सं आली आणि झाडाभोवती पाय पसरून बसली. "झाड काढलं म्हणून माझा हात बरा हुणार हाय व्हय? तसं असंल तर मी हातानं उपटते. सांग आई, हुणार हाय?"

आत्याबाई आत गेल्या. झाड राहिलं.

त्यानंतर काही दिवसांनी झाडाला एक वेगळाच फुटवा आला. सबंध हिरवा, किनार नसलेला. मडमेनं यजमानांना हेही सांगून ठेवलं होतं, की असा हिरवा कोंब आला तर कापून टाका, तो जोरकस असतो, किनारीच्या पानांना मागं सारतो. मी उद्या कापू, परवा कापू म्हणत होते. तोवर ध्यानात आलं की किनारीची पानं कमी होतायत. गोगलगायीचं काम नव्हतं ते. देठ स्वच्छ खुडलेले होते. माझं मन पुन्हा खिडकीकडं धावलं, शेजारच्या आक्काकडं. तिला डाग कळलाय, ती काहीतरी करणी करतेय, पानं नेऊन कुठं पुरतेय, असलं काहीबाही मला वाटू लागलं.

एक दिवस मी नदीवर धुणं घेऊन जायला निघाले आणि साबण विसरला म्हणून परत आले. परड्यात आत्याबाई उकिडव्या बसल्या होत्या. पांढऱ्या किनारीचं एकेक पान खुडून पदरात घेत होत्या. ओठ हलत होते. हिरव्या फुटव्याची पानं मात्र पदराच्या टोकानं पुसून काढत होत्या, जशी लहान मुलाची तोंडं पुसावीत. सबंध झाड हिरवं झालं की पोरीचा हातही भरून येईल, असा काहीतरी सौदा त्यांनी देवाशी केला होता. मी पाय न वाजवता मागं फिरले. साबणाशिवायच धुणं आपटलं. तो हिरवा कोंब मी कापला नाही, नंतरही नाही.

डाग काही भरून आला नाही. थोडा मोठा झाला.

तशात निपाणीहून स्थळ आलं. तंबाखूची वखार, घरचं सगळं बरं, मुलगा एकुलता. मध्यस्थानं मुलीची तारीफ केली होती आणि ते लोक बघायला येणार होते. घरात ठरलं की सांगायचं नाही. ठरलं म्हणजे कुणी बोललं नाही. आत्याबाई कासारणीला बोलावून आल्या, तेवढ्यावरून आम्ही सगळे समजलो.

कासारीण म्हातारी, बोटं निबर, पण हात असा हलका की बांगडी कधी चढली कळायचं नाही. तिनं वन्संचं मनगट धरलं, आत वळवलं, आणि क्षणभर थांबली. मग हिरव्या काचेच्या बांगड्या चढवत गेली, नेहमीपेक्षा जास्त आणि नेहमीपेक्षा घट्ट, इतक्या की डाग बुडाला. आत्याबाईंनी तिला खण दिला, गूळ दिला, पुन्हा गूळ दिला. ती गेल्यावर म्हणाल्या, "खण घेताना माझ्याकडं बघितलं न्हाय तिनं."

"खणाकडं बघत हुती," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय!"

बघायला आले त्यात मुलाचे वडील, चुलते आणि मुलाची मोठी बहीण होती. बहीण वयानं बरीच मोठी, कमी बोलणारी, डोळे मात्र सगळीकडं फिरणारे. पोहे झाले, प्रश्न झाले. मग ती बहीण म्हणाली, घर बघू या. वन्सं तिला परड्यात घेऊन गेली. मी चहा गाळता गाळता मागच्या दारातून बघत होते. दोघी मडमेच्या आळवापाशी वाकल्या होत्या. बराच वेळ वाकल्या होत्या. झाडाची हकीकत सांगत असेल, असं मला वाटलं.

मंडळी खूश होऊन गेली. सुपारी फोडायचा दिवस कळवतो म्हणाले. त्याच आठवड्यात माझा भाऊ मला पंचमीसाठी न्यायला आला आणि मी कोगनोळीला गेले. परत आले तेव्हा घरातले दोन्ही माग बंद होते.

निपाणीहून मध्यस्थ आला होता. बैठकीत बसून, पागोटं मांडीवर ठेवून तो म्हणाला होता, "आमच्या कानावर आलंय. पुढं बोलायला नको." एवढंच.

आत कुणी माझ्या हातातलं बोचकं घेतलं नाही. आत्याबाईंनी विचारलं, "निपाणीला गेलतीस?"

"न्हाय. कोगनोळीत हुते."

"कोगनोळीत बाजारला गेलतीस? देवळात? कुणाकुणाला भेटलीस?"

आधी त्यांनी कासारणीला बोळातून हाकललं होतं. दारात उभं राहून तिला काय काय बोलल्या ते शेजारणीनं मला नंतर रंगवून सांगितलं. पण स्थळ निपाणीचं, सून निपाणीकडची, आणि ती नेमकी त्याच आठवड्यात माहेरी गेलेली. संशयाला यापेक्षा काय लागतं? संध्याकाळी यजमान घरी आले. त्यांनी हात धुतले, पाट ओढला, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "तू बोललीस का कुणापाशी? आईपाशी? भावजयीपाशी?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

ते म्हणाले, "मला काय वाटणार?" आणि जेवायला लागले.

ते जेवले याचा मला जितका राग आला तितका आत्याबाईंच्या एकाही बोलण्याचा आला नाही.

चारच दिवसांत ठरलं की मला माहेरी पाठवायचं. किती दिवसांसाठी, ते कुणी बोललं नाही. माझं बोचकं सोडलंच नव्हतं, ते तसंच दारात आलं. तेव्हा वन्सं कांड्यांची टोपली बाजूला सारून उठली.

"वहिनीनं न्हाय सांगितलं," ती म्हणाली. "मी सांगितलं. त्या बाईला परड्यात नेऊन बांगड्या वर केल्या आणि दाखवलं. झाड बघायला नेलं नव्हतं तिला."

माग चालू नव्हते. शेजारचाही थांबला होता. सगळ्या बोळानं ऐकलं असणार.

मला वाटलं, सुटले. आत्याबाईंनी लेकीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "बघा! पोरीला काय शिकवलंय हिनं! हिच्यासाठी स्वतःचं नाव घालवायला निघालीया ती."

"आई, खरंच मीच..."

"गप बस! तुझं ह्या बाईवर लई प्रेम, म्हाईत हाय मला. असं कुठली पोरगी स्वतःच्या तोंडानं सांगतीया व्हय?"

मामंजींनीही मान हलवली. खरंच, कुठली मुलगी सांगेल? माझ्या यजमानांनी बोचकं उचलून सायकलला बांधलं. मोटारीच्या अड्ड्यापर्यंत मी सायकलच्या मागनं चालत गेले.

कोगनोळीत मी गेले तो पावसाळा आणि पुढची सबंध थंडी काढली. माहेर म्हणजे माया, असं म्हणतात. माझ्या आईनं मायेनंच मला आत नेलं, दार लावलं आणि म्हणाली, "हात बघू तुझे." मी दोन्ही हात पुढं केले. तिनं कोपरापर्यंत बघितलं, मग मान खाली करायला लावून केसांच्या मुळाशी बघितलं. "लोक म्हणायल्यात तुलाच कोड हाय, म्हणून त्यांनी टाकलं," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय न्हाय ते. नुसतं बघितलं." पाणवठ्यावर बाया माझ्या घागरीनंतर थोडं थांबून मग घागर बुडवायच्या. शहापुरात माझ्या जिभेवर संशय, इथं माझ्या कातडीवर. मी बाही खाली न सोडता हिंडू लागले. ज्यांना बघायचं त्यांनी बघावं.

त्या महिन्यांत मीही एकेकाला मनात उभं करून तपासत होते. वन्सं खरं बोलली की मला वाचवायला खोटं? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरं वाटलं होतं. पण आत्याबाईंचं म्हणणं हळूहळू माझ्याही डोक्यात घुसलं. असं कुठली मुलगी सांगते? परड्यात वाकलेल्या त्या दोघी मला पुन्हा पुन्हा आठवायच्या, आणि कधी त्या मनगट बघताना दिसायच्या, कधी पान.

उन्हाळा सुरू होता होता यजमान आले. अंगणात बसले. पाणी प्याले.

"चल," म्हणाले.

"कुणी पाठवलं?"

"आईनं."

मला खरं वाटेना. "काय झालं? कुणी आजारी हाय? कामाला माणूस न्हाय?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. निपाणीची ती मोठी बहीण लग्नाची लुगडी घ्यायला शहापुरात आली होती. भावाचं दुसरीकडं जमलं होतं. व्यापाऱ्याकडून निघून ती आपण होऊन आमच्या घरी आली, आणि आत्याबाईंना म्हणाली, "तुमच्या पोरीनं माझ्यापाशी स्वतः हात उघडा केला. मी घरी जाऊन चार दिवस बोलले न्हाय, मग ऱ्हावलं न्हाय. तुमचं वाईट व्हावं म्हणून न्हाय सांगितलं. पण तुमची पोरगी कशी हाय ते तुम्हाला कळावं म्हणून आले." आत्याबाईंनी तिला बसा म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी कासारणीच्या घरी जाऊन तिला बोळात परत यायला सांगून आल्या. आणि मग यजमानांना म्हणाल्या, "जा, तिला घेऊन ये."

"तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला न्हाय," मी त्यांना म्हटलं.

"न्हाय ठेवला," ते म्हणाले. ते पायानं अंगणातली माती उकरू लागले. "तू गेल्यावर मला वाटत हुतं, तू न्हाय सांगितलं. पण तेव्हा तू गेलतीस."

मी त्यांच्याबरोबर शहापूरला गेले. जाण्याशिवाय दुसरं काय होतं, हेही खरंच. आत्याबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि "लई वाळलीस," एवढंच म्हणाल्या. त्यापुढं त्या विषयावर आमच्यात शेवटपर्यंत बोलणं झालं नाही.

परड्यात गेले तर झाडाचे दोन भाग झाले होते. अर्ध्याहून जास्त गड्डा हिरवा, आणि कडेला किनारीची थोडी पानं, दबलेली. वन्सं आणि मी मिळून सबंध गड्डा उकरला. मुळं पांढरी, दोरीसारखी, एकमेकांत गुंतलेली. पाणी ओतून, माती सोडवून, खुरप्यानं कापून वेगळी केली. हिरवं फणसाच्या या अंगाला लावलं, आत्याबाईंच्या वाटेवर. किनारीचं त्या अंगाला.

तेव्हा मी वन्संला विचारलं, "का सांगितलंस गं?"

ती हाताची माती झाडत म्हणाली, "लग्नानंतर एखाद्या दिवशी बांगड्या फुटल्या असत्या. मग? आयुष्यभर मनगट सांभाळत बसायचं व्हय? आई तशी जगतीया, भिंतीला कान लावून. मला जमणार न्हाय."

उत्तर पटण्यासारखं होतं. पण मी संशयी ती संशयीच. त्या दिवशी बाहेरच्या खोलीत खासबागच्या त्या विणकराचा माग चालू होता, आणि वन्सं बोलताना मधून मधून थांबत होती, ती नेमकी त्याच्या धोट्याचा आवाज थांबला की.

तिच्या हातांवर डाग पसरत गेले. पाठीवर, मानेवर, पुढं हनुवटीवरही. ती मामंजींच्या मागावर बसू लागली. बाईनं मागावर बसावं का, यावरून बोळात थोडी कुजबुज झाली, पण लढाईतल्या सूतटंचाईनं आणखी विणकर ठेवणं परवडेना आणि मामंजींचे गुडघे गेलेले, त्यामुळे घरात कुणी अडवलं नाही. खासबागचा विणकर रोज दुसऱ्या मागावर असायचाच. एके दिवशी त्याचे वडील मागणी घालायला आले. आत्याबाईंनी नेहमीप्रमाणे आधी विचारलं, "तुम्हाला कुणी काय सांगितलंय?" ते म्हातारे गृहस्थ म्हणाले, "सांगायला काय पायजे? पोरगी रोज पुढ्यात बसून विणतीया." तरीही वन्संनं बाहेर येऊन दोन्ही बाह्या वर केल्या आणि सासरा होणाऱ्या माणसाला हात दाखवले. आत्याबाई या वेळी शेजारीच बसून होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण उठून गेल्या नाहीत.

हे आधीपासूनच ठरलेलं होतं का, निपाणीचं स्थळ तिनं खरेपणासाठी मोडलं की या माणसासाठी, हे मी तिला पुढं कितीदा तरी विचारलं. ती हसायची. "तू शोध की," म्हणायची. मला ते अजून सापडलेलं नाही.

लग्न देवळात झालं, साधंच. स्वातंत्र्य मिळायच्या अलीकडचा तो उन्हाळा. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. मी वाढत होते. आत्याबाईंनी खांबाआडून मला खुणेनं बोलावलं.

"त्या पलीकडच्या दोघी काय कुजबुजायल्यात बघ जा. माझ्याकडं बघून बोलायल्यात."

मी आमटीचं भांडं घेऊन त्या दोघींच्या मागनं गेले, रेंगाळले, वाढलं आणि परत आले.

"मीठ कमी पडलंय म्हणायल्यात," मी सांगितलं.

आत्याबाईंनी माझ्याकडं निरखून बघितलं. "खरं?"

"खरं."

त्यांनी माझ्या हातातून भांडं घेतलं, बोट बुडवून आमटी चाखली, आणि मिठाचं तबक घेऊन स्वतःच त्या पंगतीकडं निघाल्या.